अंबूबाईंचा नवा आवाज

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पुढारी लालासाहेब येऊन गेले. सोबत गाडीभर माणसं, त्यातला एक फक्त दार उघडायला. ‘लोणंद सुटलं, मन मागं ऱ्हायलं’ या गाण्याला तीस वर्षं झाली. त्यांच्या प्रतिष्ठानाला ते नव्यानं करायचंय, आणि करायचंय माझ्याच स्टुडिओत — पप्पांच्या हळदीच्या दुकानाच्या वर. कारण मूळ गाणं म्हणे सांगलीतच, अशाच एका हळदीच्या गोदामावरच्या खोलीत रेकॉर्ड झालं होतं.

“मूळ गाण्याला अजिबात धक्का लावायचा न्हाई,” लालासाहेब म्हणाले. “फक्त दुसऱ्या अंतऱ्यात आपलं नाव बसवायचं.”

मी हो म्हणाले. असं गाणं माझ्या वाट्याला कधी आलंय? लग्नाचे व्हिडिओ आणि पतसंस्थांच्या जाहिराती करून करून कान किटलेत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मूळ संगीतकार उदयसिंह आज आले. उन्हात मफलर. वार्ताहर बोलावून ठेवला होता. त्याला सांगितलं, चाल कृष्णेच्या घाटावर पहाटे सुचली. चहा झाल्यावर कॅमेरावाला आला — त्याला सांगितलं, लोणंद स्टेशनवर गाडी चुकली, तेव्हा सुचली. खाली उतरताना पप्पांनी सहज विचारलं. पप्पांना मिळालं स्वप्न.

कामाचं एकच कळलं. तेव्हा एकच माईक होता. ढोलकीवाला फार जोरात वाजवायचा म्हणून त्याला जिन्यात बसवला आणि दार अर्धं लोटून घेतलं. खिडक्यांना गाद्या बांधल्या होत्या. हे ते कोणालाच सांगत नाहीत. यात म्हणे ‘काव्य’ नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गाण्यात आगगाडीचा जो आवाज आहे, त्यावरून दिवस गेला. उदयसिंह म्हणतात, खरी गाडी रेकॉर्ड केली. लालासाहेब म्हणतात, सुपात शेंगांची टरफलं हलवली, मी स्वतः तिथं होतो. (ते तेव्हा बारावीत होते आणि साताऱ्यात होते, हे त्यांच्याच माणसानं सांगितलं.) अंबूबाईंना फोन लावला, गाणाऱ्या त्याच. त्या म्हणाल्या, “हळकुंडं हुती गं सुपात. मीच पाखडली.”

खालून हळकुंडं आणली. पाखडली. माईकवर अगदी सुपात हळकुंडं पाखडल्यासारखा आवाज आला.

शेवटी गाडी इंटरनेटवरून घेतली. ती बहुतेक जपानची आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

अंबूबाई शिराळ्याहून एसटीनं आल्या. सत्तरी ओलांडलेली, काष्टा नेसलेली बाई. हेडफोन पदरावरून घातला. गायल्या.

पट्टी खाली आलीय. वरचा सूर लागत नाही — पण त्या तो लावायला जातच नाहीत. खालच्या खालीच वळसा घेऊन पुढं जातात. मी काचेच्या अलीकडे बसून नुसती ऐकत राहिले, रेकॉर्डिंग थांबवायचं विसरले.

उदयसिंह म्हणाले, “बाई, ओरिजिनलसारखं गा की.”

“ओरिजिनल मीच हाय न्हवं?” अंबूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मग लालासाहेबांनी मला बाहेर बोलावून विचारलं, “एआयनं काय करता येतंय का?”

अंबूबाई घाई करून परत गेल्या. मुक्काम नको म्हणाल्या. घरी मालक एकटे. नाथाजी नाव, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. गेल्या दोन वर्षांपासून माणसं ओळखत नाहीत. “मलाबी न्हाई वळखत. सैपाकाची बाई समजत्यात.” हे त्यांनी एसटी लागली का बघता बघता सांगितलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज मी ते केलं. जुन्या रेकॉर्डिंगमधून त्यांचा आवाज वेगळा काढला, कॉम्प्युटरला शिकवला. आता तो काहीही गातो. चाळिशीतल्या अंबूबाई माझ्या टेबलावर पतसंस्थेची जाहिरातसुद्धा गातील.

लालासाहेबांनी ऐकलं. डोळे पुसले. म्हणाले, “बघा, हीच खरी अंबूबाई.”

मी म्हटलं, त्यांना विचारायला हवं. “इचारायचं काय त्यात? गाणं त्यांचंच हाय की.” उदयसिंह म्हणाले, कलावंताला दुखवू नये, म्हणून सांगूच नये.

जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शिराळ्याला गेले. वाटेत वाक्यं जुळवली — अन्याय, हक्क, मी काम सोडते, अशी मोठी मोठी. त्या चिडतील, रडतील, मला हाकलतील, सगळ्याची तयारी होती.

नाथाजी अंगणात खुर्चीवर. ताठ बसलेले, दाढी केलेली. पुढ्यात ताट, भाकरी तशीच. अंबूबाई घास घेऊन उभ्या. “खावा की.” ते म्हणाले, “बाई, घरातली माणसं आल्याशिवाय मी जेवत नसतो.” फार अदबीनं म्हणाले. अंबूबाईंनी घास ताटात ठेवला आणि हात धुऊन माझ्याकडे आल्या.

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. पूर्ण गाणं ऐकलं त्यांनी. तोंडावरची रेघ हलली नाही. मग म्हणाल्या, “चांगली गाती बाई. दमत न्हाई.”

“काकू, हे तुमच्या परवानगीशिवाय —”

“आगं, माजा घसा खरवडायचा वाचला. वाजवा खुशाल. आन् शाल देणार हायती न्हवं? जरा जाड द्या म्हनावं. थंडी लय हाय.”

माझी सगळी वाक्यं तशीच परत घेऊन आले. इस्लामपूरपर्यंत माझाच राग येत होता. मला त्यांच्यासाठी लढायचं होतं, आणि त्यांना शाल हवी होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

लालासाहेबांचं नाव अंतऱ्यात घातलं. ‘लोणंद सुटलं, लालासाहेब भेटलं.’ व्याकरण उदयसिंहांचं.

अडचण अशी की कॉम्प्युटर ‘लालासाहेब’ म्हणत नाही. ‘लाळासाहेब’ म्हणतो. कितीदा दुरुस्त केलं, ऐकत नाही. लालासाहेबांना ऐकवलं, स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकलं. “कुठं काय? मला तर बरोबर ऐकू येतंय.” मग बाकीच्यांनाही बरोबर ऐकू आलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. मंडप भरलेला. उदयसिंहांनी स्टेजवर चाल सुचल्याची चौथी गोष्ट सांगितली, तीत आता आईही आली होती. टाळ्या.

अंबूबाईंच्या हातात बंद माईक दिला. ओठ हलवायला सांगितलं होतं. पहिल्या कडव्याला त्यांनी हलवले, मग ओळखीचं कोणीतरी दिसलं तशा हसून हात हलवू लागल्या. गाणं चालूच. मागून आवाज अगदी तरुण, खणखणीत. बायकांनी डोळ्याला पदर लावले. शेजारची एक म्हणाली, “काय आवाज ठेवलाय बाईनं या वयात.”

मग दुसरा अंतरा आला. ‘लाळासाहेब भेटलं’ — भल्या मोठ्या स्पीकरवर. पुढच्या रांगेतली शाळकरी मुलं हसून हसून लोळली. लालासाहेबांना वाटलं, मुलांना आवडलं. हात जोडून उठले आणि ती ओळ पुन्हा वाजवायला लावली.

शाल पातळ होती.

निघताना अंबूबाईंनी गाणं फोनमध्ये घालून मागितलं. त्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती. कसले कसले ‘शुभ सकाळ’ पुसून टाकले आणि घातलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पेपरात बातमी आहे. ‘अंबूबाईंच्या अवीट आवाजानं सांगली मंत्रमुग्ध.’ माझं नाव चुकून ‘प्रीती’ छापलंय. पप्पांनी तरी कापून ठेवलं. उदयसिंहांचा फोन — आणखी जुनी गाणी अशीच करूया का? विचारून सांगते म्हटलं. कोणाला विचारणार, ते त्यांनी विचारलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळी अंबूबाईंचा फोन. घरी गाणं लावलं होतं. नाथाजी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले. म्हणाले, अंबू आली वाटतं.

“मी म्होरंच उबी हुते,” अंबूबाई म्हणाल्या.

मग म्हणाल्या, “तुज्या त्या बाईला एवढंच बोलाय लाव — आवं, जेवून घ्या. बाकीचं मी बघती.”

दुपारभर बसले. ‘जेवून’ नीट येत नव्हतं. आलं. पाठवलं.

संध्याकाळी निरोप: जेवले. आता ‘निजा’ पण करून दे.