भुलीत तोंडून काय निघेल

४ फेब्रुवारी, गंगाखेड
पित्ताशयात खडे. ऑपरेशन परभणीला. हार्डवेअरच्या दुकानात शेठकडे सुट्टी मागितली, तर म्हणाले, एकटा कशाला जातोस, मी येतो. माणूस चांगला, हीच पंचाईत. दुकानात मी 'तो'. खोलीही त्यांच्याच ओळखीनं मिळालेली. पूर्वीची 'ती' फक्त पालमला, घरच्यांना माहीत.

९ फेब्रु.
आई पालमहून आली. पोटदुखी राहिली बाजूला, भलतीच भीती बसलीय. लहानपणभर 'मी आले, मी गेले' असंच बोललो. भुलीत जीभ ताब्यात नसते. तेच निघालं तर? शेठसमोर? आंघोळ करताना 'आलो, गेलो, जेवलो' घोकतोय. वेड्यासारखं.

११ फेब्रु., परभणी
भुलीच्या डॉक्टरबाई तपासायला आल्या. चालू औषधं विचारली. 'काही नाही' म्हणणार होतो. आईच म्हणाली, "सांग की. जिवाशी खेळ नको."
सांगितलं. हार्मोनची इंजेक्शनं, छाती दाबणारा बनियन, सगळं. बाईंनी निवांत लिहून घेतलं. बनियन उद्या नको, श्वासाला अडचण. मग विचारलं, "उठवताना कशी हाक मारू?"
"दादा म्हणा."
भुलीतल्या बडबडीचंही विचारलं. म्हणाल्या, काही जण बरळतात, आम्ही मनावर घेत नाही. त्या नाही घेणार. शेठ?
आईला बजावलंय, उद्या शेठ आले की त्यांना दाराबाहेरच बसव.

१२, सकाळ
बनियन काढला. चादर गळ्यापर्यंत. मरणाची भीती वाटायला हवी, ती वाटतच नाही. न्यायला आलेत.

१३ फेब्रु.
जिवंत आहे. टाके ओढतात.
"दादा, डोळे उघडा" एवढं आठवतं. पुढचं कोरं. खोलीत आणल्यावर बडबडलो म्हणे. आई नेमकी औषधं आणायला खाली गेलेली.
"म्या आले तं शेठ तुझ्या उशाशी बसलेले. तुझी बडबड चालू."
काय बोलत होतो?
"मला न्हाई कळालं बाळा."
आणि शेठ?
"म्हणले, आराम करू द्या. अन् गेले."
आराम करू द्या. 'त्याला' की 'तिला', ते काहीच म्हणाले नाहीत. आईकडून दोनतीनदा वदवून घेतलं. तेवढंच म्हणाले म्हणते.

१७ फेब्रु., पालम
शेठचा फोन नाही. मीही केला नाही. नंबर काढतो, मोबाइल परत ठेवतो. सोमवारी कामावर जायचंय. दुकानाची एक किल्ली माझ्याकडेच आहे. त्यांनी परत मागितलेली नाही.
अजून तरी.