खोक्यावरचा चौथा भाव

८ जाने.
त्या सकाळचं सगळं आठवतं. पाणी भरलं, भाकऱ्या टाकल्या, यांचा डबा बांधला, कोंबड्यांना कणी टाकली, मग केर. हे खिडकीपाशी पाटावर बसून जपानी इंजिनाची चाकं लावत होते. आगगाडीचं, सुटे भाग जोडून करायचं, प्लास्टिकचं, हातभर. कसाऱ्याला ड्यूटी, म्हणून अर्धवट टाकून उठले. मी केर काढून चुलीत घातला. संध्याकाळी हे बॅटरी घेऊन जमिनीवर रांगत होते. चाकं जोडणारा डाव्या बाजूचा दांडा सापडेना. बोटाएवढा. मी म्हटलं, काडीसाठी एवढं? म्हणाले, "असू दे, मागवतो दुसरा."
अकरा महिने झाले यांना जाऊन. आज ते इंजिन माळ्यावरून काढलं.

११ जाने.
थोडं पुढे जोडलं. सोबतचा कागद जपानी, पण चित्रं आहेत, आकडे आहेत. मी चौथी पास, बाकीचं वाचन रद्दीतल्या पेपरांवर शिकले. त्यापेक्षा हे सोपं. ३१ ते ३९ झाले. ४० म्हणजे तो दांडा. तिथे थांबले.

१४ जाने. संक्रांत
शेजारणी हळदीकुंकवाला गेल्या. मी इंजिनाचं रिकामं खोकं पुसत बसले. ओल्या फडक्याने लेबल सुटलं. यांच्या अक्षरातलं, २५० रु. खाली दुसरं लेबल, मुंबईच्या माल आणणाऱ्याचं, २,९५०. त्याखाली सिंगापूरचं, डॉलरमध्ये. सगळ्यात खाली जपानी.
प्रत्येक खोकं घरी आलं की मी भाव बघायचे आणि अडीचशेवरूनच भांडायचे. एवढ्यात महिन्याची डाळ येते म्हणायचे. हे ऐकून घ्यायचे.
दिवाळीत घर आवरताना चार सीलबंद खोकी शहापूरच्या स्टेशनरीवाल्याला दिली. अडीचशेप्रमाणे हजार. त्याने घासाघीस केली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.
त्यात एक ह्याच इंजिनाचं होतं. दोन सारखी कशाला, म्हणून तेच आधी दिलं.

१७ जाने.
कल्याण. यांच्या पिशवीवरच्या पत्त्याने दुकान सापडलं. दुकानदार म्हातारे, यांना ओळखायचे. बातमी ऐकून बराच वेळ काउंटर पुसत राहिले. मग लेबलं वाचून दाखवली. जपानात रुपयांत हजाराच्या आसपास. तिथून सिंगापूरचा व्यापारी, मग विमानाचं भाडं, मग खेळणं म्हणून जकात, मग मुंबईवाला, मग ते स्वतः. "मी मधे थोडंच ठेवतो, पण ठेवतो," म्हणाले. आता माल येणंच बंद झालंय. आला तर दुप्पट.
नुसता दांडा मिळेल का विचारलं. सुटा भाग कोणी पाठवत नाही, कुरियरचे पैसेच खोक्याएवढे होतात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण साहेबांनी दुसरं खोकं त्या दांड्यासाठीच नेलं होतं ना?"


१९ जाने.
वैशाखऱ्याहून भाऊ आला. भेंडी दिली, शेतातली. त्याची भेंडी व्यापारी बांधावरून उचलतो, वाशीला जाते, तिथून विमानाने दुबईला. तिथल्या दुकानात काय भावाने विकतात ते त्याला कोणीतरी मोबाईलवर दाखवलं होतं. दोन दिवस जेवला नव्हता, म्हणतो. लेबलांचं सांगितलं तर हसला. "गो बाय, इतक्या लोकांनी भाव चढवला नि भावजींनी एकट्यानी उतरवला. असा व्यापारी आमाला गावला नाय."
मीही हसले. मग चहा करायला आत गेले, तिथेच उभी राहिले.

२१ जाने.
शहापूर. तीन खोकी गेली, इंजिनाचं आहे. वरच्या फळीवर, दिसेल असं ठेवलंय. अडीचशेचं लेबल काढलेलं. मी म्हटलं, माझं आहे, परत द्या, हजारातले अडीचशे घ्या.
"वहिनी, भाव तुमच्याच खोक्यावर लिवलेला. मी काय फसवला नाय."
तुम्हाला खरा भाव माहीत होता का, विचारलं. तो म्हणाला, दुकान चालवतो, माहीत नसून कसं चालेल. आता अठ्ठेचाळीसशे. नाशिकचा एक जण फोटो बघून गेलाय, शनिवारी येतो म्हणाला. "तुमी म्हणून दोनशे कमी करीन. पण थांबणार नाय."
सेहेचाळीसशे. माझ्याच माळ्यावरचं खोकं. मधल्या माणसांत मीही एक झाले, आणि मलाच कळलं नाही.

२२ जाने.
ज्योतीचा फोन. सगळं सांगितलं. ज्यो. म्हणते, "आई, एका दांड्यासाठी सगळं खोकं फोडणार? काडीला काळा रंग लाव नि चिकटव. कोणाला कळणारे?"
कोणालाच नाही. खरं आहे तिचं.
मग म्हणाली, बाबांशी अडीचशेवरून किती भांडायचीस. मी फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं.

२३ जाने.
उदबत्तीची काडी मापाने तोडून, रंगवून बघितली. बसते. दोन हात लांबून दांडाच वाटतो. चाक फिरवलं की मोडते.
हे तीन हजाराचं खोकं फोडणार होते, आणि केर कोणी काढला ते एकदाही बोलले नाहीत. मीही कधी सांगितलं नाही की दांडा चुलीत मीच घातला असेल. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं…
पेन्शन जमा झाली आहे. सेहेचाळीसशे गेले तर महिना ओढून काढावा लागेल. ज्यो.ला सांगणार नाही.

२४ जाने. शनिवार
सातच्या जीपने शहापूरला आले. एटीएममधून पैसे काढले. दुकान अजून बंद आहे. पायरीवर बसले आहे.