‘समजा’चा चार्ज

आई,

माझ्या खेळाच्या मागे प्रकाशक उभा आहे की नाही, हे वर्षभर मला कोणी नीट सांगेना. शेवटी आज मी तो खेळ दुसऱ्या हातात देऊन आले. हे कुणाला तरी सविस्तर सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की बरंच काही समजावून सांगावं लागेल. सांगेन, मला घाई नाही.

खेळाचं नाव ‘समजा’. दिसायला पुस्तक आहे, पण ते वाचून संपत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलून सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. अशा खेळांत बहुतेकदा तलवारी, राक्षस आणि जादू असते. माझ्या खेळात आजचं पुणं आहे. रिक्षावाला आहे, टँकरची वाट बघणारी सोसायटी आहे, वॉर्ड ऑफिसातली बाई आहे. निवृत्तीनंतर विमा कंपनीतल्या माझ्या मैत्रिणी सहलींना जायला लागल्या आणि मी हे लिहायला बसले. एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी पुस्तक चाळून विचारलं, "यात शेवट कुठल्या पानावर आहे?" मी म्हटलं, "शेवट तुम्ही करायचा." "आणि पैसेही आम्हीच द्यायचे?" असं म्हणून ते पुस्तक जागेवर ठेवून निघून गेले. तुला हा माणूस आवडला असता.

खेळ कुठून आला ते तुला सांगायला नको. नर्सिंगच्या ज्या मुलींना तू शिकवायचीस त्या रविवारी दुपारी आपल्या स्वयंपाकघरात जमायच्या. वर्गात जे करून घेता येत नाही ते तू घरी करून घ्यायचीस. तू ओट्यापाशी कणीक मळते आहेस, पाठ आमच्याकडे. "समजा, रात्रपाळी आहे. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेत. पेशंटची सासू म्हणते, सलाईन काढा. काय करशील?" एक मुलगी सिस्टर, एक सासू, एक वॉर्डबॉय, आणि चटईवर आडवी पडलेली पेशंट नेहमी मी. डॉक्टर येणार की नाही हे फोडलेले चिंचोके टाकून ठरायचं, पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर येणार. एकदा मला कंटाळा आला आणि मी म्हटलं, "मी मेले." तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "मेलीस ना? मग पडून राहा. मेलेली माणसं जेवायला उठत नाहीत." मुली हसल्या. मी हट्टाने पडून राहिले. बटाट्याची भाजी झाली, पोळ्या झाल्या, पानं वाढली गेली, तरी तू हाक मारली नाहीस. शेवटी सासू झालेल्या मुलीने विचारलं, "बाई, हिला उठवू का?" तू म्हणालीस, "मृत्यूची नोंद केलीय का ते सिस्टरला विचार. केली नसेल तर अजून जिवंत आहे." तेव्हा मला जेवायला मिळालं. तो नियम आता पुस्तकात आहे. एकट्याने ‘संपलं’ म्हणून काही संपत नाही, ते टेबलाने मान्य करावं लागतं. खेळणाऱ्यांना हा नियम सगळ्यात जास्त आवडतो.

प्रकाशक नारायण पेठेतला. वडील गाइडं आणि व्रतांच्या पोथ्या छापायचे, मुलाने माझं पुस्तक काढलं. त्याचं हे श्रेय मी कधी नाकारणार नाही. बाकी सगळ्यांनी हस्तलिखित न उघडता परत केलं होतं. त्याने उत्साहाने मागच्या कव्हरवर छापलं, ‘या मालिकेत लवकरच’, आणि खाली दोन नावं, ‘दवाखाना’ आणि ‘धरण’. ‘दवाखाना’ मी लिहून दिलं. खडकवासल्याचं ‘धरण’ निम्मं झालं. आणि मग त्याचं बोलणं ‘बघू’वर आलं. दिवाळीनंतर बघू, शाळा सुरू झाल्या की बघू. इकडे लोक मला फोन करून विचारायचे, पुढचं कधी? कव्हरवरचा शब्द त्याचा होता, पण नाव माझं होतं.

गेल्या आठवड्यात मी दुकानात गेले आणि खुर्ची ओढून बसले.

"मालिकेची लाइन बंद केलेली नाही, मॅडम," तो म्हणाला.

"म्हणजे चालू आहे?"

"चालू आहे असंही म्हणता येणार नाही."

"मग आहे तरी कशी?"

"स्थिर आहे."

आई, हे उत्तर तुझ्या वॉर्डाबाहेर किती नातेवाइकांनी ऐकलं असेल. मी विचारलं, "शेवटचं बघायला कधी गेला होतात?"

"गोडाऊनला?"

"नाही. खेळायला."

तो एकदाही खेळलेला नव्हता. "मी छापतो, मॅडम. खेळायला वेळ कुठंय," असं सरळ सांगितलं. पुस्तक रंगवायच्या वह्यांच्या शेजारी का ठेवलंय, असं विचारलं तर म्हणाला, "तिथे गर्दी असते." त्याच्यात लबाडी नव्हती. त्यामुळे भांडायलाही काही उरलं नाही.

तिथे बसल्या बसल्या मला माझ्या पदवीदानाचा दिवस आठवला. वॉर्डात माणूस कमी म्हणून त्या सकाळी शिकवणं सोडून तू ड्यूटीवर उभी होतीस. मी कोरी साडी नेसून दाराशी. तुझी पाळी संपलेली आणि पुढची सिस्टर आलेली नाही. मी म्हणते आहे, "येते म्हणालीय ना ती? मग चल की." तू माझ्याकडे बघतेस, आणि तुझ्या आवाजात जरासुद्धा चढ नाही. "येते म्हणणं म्हणजे येणं नव्हे. जी समोर नाही तिला चार्ज देता येत नाही. दुसरी शोधायची." मग तू शेजारच्या वॉर्डातली एक सिस्टर आणलीस आणि तिला घेऊन एकेका खाटेपाशी थांबलीस. हिला ताप आहे, हिचं पथ्य आहे, ही रडते पण दुखत नाही, हिला दुखतं पण रडत नाही. आपण पोचलो तोवर माझं नाव पुकारून झालं होतं. मी फुरंगटले. तू म्हणालीस, "नाव घेतलं ना? मग पदवी मिळाली." आणि परत येताना न मागता उसाचा रस पाजलास, आल्याचा, दोन ग्लास.

तर नारायण पेठेत बसून मी ठरवलं, की आता याची वाट बघायची नाही. त्याला म्हटलं, हक्क परत द्या.

"आणि उद्या चाललं तर?"

"तर सगळ्यांना सांगा, पहिलं पुस्तक आमचं. खोटं नाही ते."

त्याने भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघितलं. मग लेटरहेड काढलं. लिहिता लिहिता म्हणाला, "मॅडम, विमा कंपनीत तुम्ही वसुलीला होतात का?"

"दाव्यांवर होते. पैसे द्यायच्या बाजूला."

तो हसला, आणि सही केली.

दुसरी मी आधीच हेरून ठेवली होती. मूळची यवतमाळची, आयटीत नोकरी, येरवड्याला राहते आणि दर रविवारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ‘समजा’ खेळवते. पहिला फोन तिनेच केला होता. "काकू, लोकं विचारून राहिले ना, दवाखाना कधी येते म्हणून." मी म्हटलं, "मला काकू म्हणू नका." "मग काय म्हणू?" "काही म्हणायची गरज काय? बोला." तेव्हापासून ती मला तोंडावर मॅडम म्हणते आणि इतरांपाशी काकू. ती आणि तिची मंडळी आगाऊ मागणी घेऊन पुढची पुस्तकं छापणार आहेत.

आज मी आधी नुसती बसून खेळ बघितला. एक निवृत्त सुभेदार वॉर्ड ऑफिसातली बाई झाले होते, आणि अर्ज या खिडकीवर घेत नाहीत हे इतकं मन लावून सांगत होते की मला माझं जुनं ऑफिस आठवलं. एक तरुण वैतागून म्हणाला, "मी राजीनामा देतो. संपलं." तिने हातातल्या कागदावरून मान वर न करता विचारलं, "असं नाही होत ना भाऊ. टेबल मान्य करते का?" कोणीच मान्य केलं नाही. त्याला परत रांगेत उभं राहावं लागलं. तुझा नियम, आई, वऱ्हाडी बोलीत, तुला कधी न पाहिलेल्या बाईच्या तोंडून. मी चष्मा पुसला, दुसरं काही केलं नाही.

खेळ संपल्यावर तिने ‘दवाखाना’ चाळलं. म्हणाली, "मॅडम, ही मेट्रन लय कडक आहे. थोडी सॉफ्ट करू का? प्लेयर्स घाबरतील ना."

"नाही."

"काहून?"

"वॉर्ड तिच्यामुळे चालतो."

ती "ओके" म्हणाली. मेट्रन कोण आहे ते मी सांगितलं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. त्यामुळे चार्ज तेवढा इथेच लिहून ठेवते, एकेका खाटेपाशी थांबून. ‘समजा’, मूळ पुस्तक: प्रकृती चांगली. शिल्लक प्रती नारायण पेठेतच विकल्या जातील. हक्क परत मिळाल्याचं मूळ पत्र आणि सगळ्या फायली तिला दिल्या. ‘दवाखाना’: पूर्ण, छपाईला न्यायचं. ‘धरण’: निम्मं, पुढचं तिने लिहायचं, मला विचारायचं नाही. मेट्रन: दिली, बदलायची नाही या अटीवर. चार्ज देताना अट घालायची नसते, हे मला माहीत आहे. घातली.