आठवे रजिस्टर

३ नोव्हेंबर १९७६, कारंजा लाड
सकाळच्या एसटीने पोचलो. गार हवा, सरकीचा वास, स्वागताला केळी आणि चहा; मन प्रसन्न झाले. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. आता बियाणे संशोधन संस्थेच्या संगणकाचा कर्नल, म्हणजे त्याचा मूळ कारभारी प्रोग्रॅम, निर्दोष करायचा आहे. यंत्र हेमसिंग चालवतो; फरशी त्याची थोरली बहीण सोजरबाई पुसते, आणि पुसताना गाते.

६ नोव्हेंबर
इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवण्याची, व्यवस्था लिहिली. स्मृतीतील ठरवलेल्या पत्त्यावर प्रोसेसर थांबेल, रजिस्टरांतील, म्हणजे आपल्या हाताशी असलेल्या आठ कप्प्यांतील, किमती जपेल, मला दोष पाहू देईल आणि सोडल्या जागेवरून पुढे जाईल. आठांपैकी सातच रजिस्टरे जपली. आठवे कोणी वापरीत नाही, हे मी सिद्ध केले आहे.

९ नोव्हेंबर
पत्ता ३४० वर प्रोसेसर थांबवला. सोजरबाईही थांबली: हात फडक्यावर, ओळ अर्ध्यावर, पापणी स्थिर. प्रोसेसर चालू करताच गाणे पुढे सुरू. तिला काहीच कळले नव्हते. हेमसिंग हसून म्हणाला, आमच्या बाईले मशीनची नजर लागली जी.

११ नोव्हेंबर
एका उदाहरणावरून व्याप्ती सिद्ध होत नाही. तिला सव्वीस वेळा थांबवले. दर वेळी गाण्याची एक ओळ कमी झाली. म्हणजे आठवे रजिस्टर रिकामे नव्हते. दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. परंतु हानीची मर्यादा कळण्यापूर्वी ती करणे अशास्त्रीय ठरेल.

१३ नोव्हेंबर
सोजरबाईची मुलगी रूपाबाई बाळंतपणासाठी माहेरी आली, ती थेट संस्थेतच. आईने तिला पाणी दिले आणि विचारले, कोनाची वं तू? मुलगी आधी हसली, मग रडली. हेमसिंगने मला विचारले, मास्तर, तुमाले ठावं होतं काय? मी होय म्हणालो. असत्य बोलण्याचे कारण नव्हते.
दुरुस्ती केली. गेलेले परत येत नाही.

१४ नोव्हेंबर
हेमसिंगने माझी दुरुस्ती काढून टाकली. पत्ता ३४१ — फाटकावरचा देवमन थांबला. म्हणजे प्रत्येक पत्त्याला एक माणूस. तो माझा पत्ता शोधतो आहे. यंत्राच्या खोलीला आतून कडी.

१५ नोव्हेंबर
तो ३५२ वर पोचला. अजून मी नाही — बहुधा.

१६ नोव्हेंबर
गालावरचा साबण वाळून तडकला. आत्ताच लावला होता —
सापडलो. बुद्धी शाबूत आहे का, पाहतो. अनुमानाचे पाच अवयव: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय — पाचवा —

१७ नोव्हेंबर
समोर यंत्राच्या खोलीच्या खिडकीत हेमसिंग. बोट स्विचवर. ओरडून विचारतो, मास्तर, आता किती राह्यलं?
पुष्कळ. सिद्ध करतो. प्रतिज्ञा, हेतू —
पुन्हा. प्रतिज्ञा: मी