कूलर बंद करून दहा मिनिटं

१९ एप्रिल, रवि.
दादा आजही आला नाही. पाडव्यानंतरचा पाचवा रविवार. त्याच्या दाना ओलीतून आमचं माधवगंज, त्याच्या चालीने बारा मिनिटं. आजारी म्हणावं तर काल लेकीने, मुक्ताने, त्याला देवळापाशी पाहिलं. "मामा तो एकदम फिट दिख रहे थे," म्हणाली. म्हणजे तब्येत बरी आहे. आपलीच बिघडलेली.

साडेदहाला कान दाराकडे. कणीक सवयीने एका माणसाची जास्त मळली. ह्यांनी जेवताना पोळ्यांच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि झाकण लावून टाकलं. तेवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने मिळवलेलं हे एक शहाणपण.

कारण मला ठाऊक आहे. इथल्या मराठी मंडळाच्या पाडवा अंकातला माझा लेख.

२४ एप्रिल, शुक्र.
लेख पुन्हा वाचला. दुर्दैवाने चांगला आहे.

माझा कॉम्प्युटर दादानेच जोडून दिलेला. कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये जन्म गेला त्याचा, तेव्हा जोडून गप्प बसणं शक्य नव्हतं. दर रविवारी यायचा, बाड्यावरच्या बाजारातून गरम कचोऱ्या घेऊन. आल्या आल्या कूलर बंद. "खोलीचं खरं तापमान आलं पाहिजे, बेबी." (वय वर्षं एकावन्न. बेबी.) दहा मिनिटं आम्ही सगळे घाम पुसत बसायचो, तो भिंतीवरच्या थर्मामीटरखाली उभा. मग मशीन चालू करून प्रोसेसरचा आकडा बघायचा, मशीनपाशी वाकून काहीतरी लिहून ठेवायचा, जेवायचा, जायचा.

मी लिहिलं: 'आमच्याकडे एका यंत्राचा ताप बघायला दर रविवारी वैद्य येतात. पेशंट ठणठणीत असतो. वैद्यबुवा फी घेत नाहीत, जेवून जातात.'

शेवटचे दोन शब्द. लिहिताना स्वतःच हसले होते, आठवतंय.

आज मु.ने सांगितलं. मंडळात पाडव्याच्या कार्यक्रमात कोणीतरी सगळ्यांदेखत विचारलं, "काय वैद्यबुवा, आज जेवण कुठे?" मामा हसले म्हणे. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून गेले.
"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"
"आप मंच पे थीं ना आई. लोक टाळ्या वाजवत होते."

३ मे, रवि.
स्वतःच गेले दादाकडे. त्याने माठातलं पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. पाहुण्यासारखं. माझ्या सख्ख्या भावाने मला 'घे ना' म्हणून बिस्किटांची बशी पुढे केली.

"रविवारी येत नाहीस."
"ऊन फार आहे."
"गेल्या मे महिन्यात काय थंडी होती?"
हसला. मग म्हणाला, "लेख वाचला तुझा. जमलाय. वाक्यं छोटी ठेवतेस ते चांगलं."

ओरडला असता तर मी परत ओरडले असते, आणि दुपारपर्यंत मिटलं असतं. आमच्या घराण्यात भांडण मिटवण्याची दुसरी रीत नाही. पण कौतुक केल्यावर काय करायचं असतं?

स्वयंपाकघरात ओट्यावर एकच ताट. वहिनी गेल्याला दोन वर्षं होऊन गेली.

निघताना म्हणाला, "मशीन बरं आहे ना?" मी म्हटलं, हो. खोटं. चार दिवस रेंगाळतंय.

५ मे, मंगळ.
मु.ने आकडा दाखवला. नुसतं बसलेलं असताना एकोणसत्तर, काम दिलं की पंच्याण्णव. "नव्वदच्या वर गेलं की वो खुद को स्लो कर लेता है, आई. बचाव के लिए."

सुरक्षित किती? तिने शोधून सांगितलं: कामात असताना ऐंशीच्या आत असलेलं बरं, शंभराच्या आसपास धोका. दादाने हे मला शंभर वेळा सांगितलं असेल. मी तेव्हा त्याच्या उभं राहण्याची ढब टिपत होते, लेखासाठी.

उपाय मीच काढला. कॅबिनेटचं बाजूचं पत्र्याचं पान काढलं आणि उघडं मशीन कूलरच्या थेट तोंडाशी मांडलं. कूलरची वाळ्याची खस नवी आहे, वारा गार. पंच्याण्णवचे चौऱ्याहत्तर झाले! दादाशिवाय. फिजिक्सशिवाय.

१० मे, रवि.
त्र्याहत्तर. हे म्हणाले, "दादांना विचारून घ्यायचं होतंस." मी म्हटलं, वैद्य बदललाय. पुन्हा तेच. जीभ आधी, मी मागून.

१७ मे, रवि.
मंडळाच्या संपादकांचा फोन. "ताई, वैद्यबुवा लोकांना फार आवडले. पुढचा भाग द्या ना!"

नाही म्हणायला हवं होतं. 'बघते' म्हणाले. आणि बघितलंही. दुपारी बसले नि लिहूनच काढलं अर्धं पान: वैद्य रुसतात, पेशंट परागंदा वगैरे. चांगलं जात होतं, हीच तर खोड आहे. दाना ओलीतली ती बिस्किटांची बशीसुद्धा घातली.

आठव्या-नवव्या ओळीला मशीन खटकन बंद. सेव्ह केलेलं नव्हतं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद.

यंत्राला माझ्याहून जास्त लाज आहे.

१९ मे, मंगळ.
बाड्याजवळच्या दुकानात नेलं. दुकानदाराने आत टॉर्च मारला आणि माझ्याकडे पाहिलं.
"मैडम, इसको कूलर के सामने रखा था?"
"...हाँ."
"साइड खोल के?"
"हाँ."
"और पानी बोरिंग का."

आतल्या धातूच्या पात्यांवर पांढरी पुटं चढलेली, कूलरच्या जाळीवर चढतात तशीच. फवारा उडत राहिला, पाणी सुकलं, क्षार राहिला. प्रोसेसरवरचा पंखा जाम. गार हवा दिली म्हणून मी खूश होते, नि तिच्यातूनच रोज थोडा थोडा चुना पाजत होते. दुकानदार म्हणाला, नशीब बोर्ड वाचला. "ज़्यादा गरम हुआ तो ये खुद बंद हो जाता है, इसलिए बच गया."

साफ केलं, पंखा बदलला. मग म्हणाला, खालची पेस्ट सुकली आहे. प्रोसेसर आणि त्या धातूच्या मध्ये लावतात ती. तिच्यातूनच उष्णता वर जाते. "लगा दूँ? पाँच मिनट का काम है."

का कोण जाणे, मी विचारलं, "इसका टेंपरेचर हर हफ्ते देखना पड़ता है क्या?"
तो हसला. "हर हफ्ते? अरे नहीं मैडम. छह महीने में एक बार धूल निकाल दो, बहुत है. हर हफ्ते कौन देखता है!"

पेस्ट नको म्हटलं. "घर में करने वाले हैं."
"तो जल्दी करवा लेना. ऐसे ज़्यादा मत चलाना."

२० मे, बुध.
भिंतीला टेकवून ठेवलेलं ते पत्र्याचं पान पुन्हा लावताना सापडलं. त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेले आलेख-कागद. दादाचं अक्षर, लॅबच्या रजिस्टरातलं. चार रकाने: तारीख, खोली, यंत्र, फरक.

म्हणजे तो मशीनचा ताप मोजतच नव्हता. खोली पंधरा, यंत्र एकतीस. खोली एक्केचाळीस, यंत्र सत्तावन्न. फरक दोन्हीकडे सोळा. बाहेर कितीही पेटलेलं असो, फरक तेवढाच राहिला की ठीक. म्हणून कूलर बंद करायचा. एवढं साधं होतं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

सोळा. सोळा. सोळा. सतरा. सोळा. पानंच्या पानं. दोन वर्षं काहीही घडलं नाही आणि ते तो न चुकता लिहीत होता.

पहिली तारीख बघितली. वहिनीच्या तेराव्यानंतरचा पहिला रविवार.

शेवटच्या दोन ओळी: अठरा. एकोणीस. पुढे पेन्सिलने: 'फरक वाढतोय. पाडव्यानंतर पेस्ट बदलणे.'

पुढे कोरं.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी पहिल्या तारखेवर बोट ठेवलं. "मला वाटायचं, तुला माहीत आहे," म्हणाले.

२२ मे, शुक्र.
संपादकांना 'जमणार नाही' असं कळवलं. ते सोपं होतं.

माफीचा मेसेज चार वेळा लिहिला. पहिला: फार अलंकारिक. दुसऱ्यात विनोद. तिसऱ्यात स्वतःवर विनोद, तो जास्त वाईट, कारण त्यात लोकांनी मला उदार म्हणावं अशी सोय होती. चौथा दोन ओळींचा. त्यातही शेवटी एक चमकदार शब्द आलाच. पुसले चारही. तीस वर्षं वाक्यांना शेपट्या लावून लावून आता बिनशेपटीचं एक निघत नाही.

मु. म्हणते, "सीधा सॉरी बोल दो ना." आजच्या मुलांचं बरं आहे.

२३ मे, शनि.
आकडेच पाठवले. अकरा वाजता, दादाला:
'खोली ३६. यंत्र ६८. फरक ३२.'

खाली काही नाही. नावही नाही.

निळ्या खुणा लगेच आल्या. मग तासभर काही नाही. भाजी करपली. मग:
'कूलर बंद करून घेतलंस?'

घेतलं नव्हतं. लिहिलं, नाही.
'मग खोली चुकीची. फरक पण चुकीचा.'
थोड्या वेळाने आणखी एक: 'फार चालवू नकोस.'

बस. 'येतो' असं नाही, 'येत नाही' असंही नाही. मी 'उद्या कचोऱ्या आणू नकोस, मी आणते' असं लिहिलं, वाचलं. त्यात 'तू येणार आहेस' हे गृहीत धरलेलं. पुसलं. 'जेवायला ये' लिहिलं. ह्या घरातून तो शब्द आता मला त्याच्याकडे पाठवता येत नाही. माझ्याच लेखाने घेतला तो माझ्याकडून. तोही पुसला.

शेवटी: 'दादा, पेस्ट तशीच आहे. दुसऱ्या कोणाला लावू दिली नाही.'

निळ्या खुणा. उत्तर नाही.

२४ मे, रवि.
उद्यापासून नवतपा, उन्हाळ्यातले सर्वात तापलेले नऊ दिवस. आठ वाजताच खिडकीच्या सळईला हात लावता येत नाही.

हे बाड्यावरून कचोऱ्या घेऊन आले, न सांगता. कणीक एका माणसाची जास्त मळली. मशीनचं बाजूचं पान काढून ठेवलंय, स्क्रू वाटीत. कोरा आलेख-कागद मु.ने आणून दिला. मी फक्त रकाने आखलेत.

सव्वादहा. कूलरच्या बटणाकडे हात नेला तशी मु. म्हणाली, "आई, अभी से? मर जाएँगे गर्मी में." म्हटलं, दहा मिनिटं लागतात खोली खरी व्हायला.

कूलर बंद केला. एवढा आवाज गेल्यावर गल्ली स्पष्ट ऐकू येते.