नळाजवळचा उंचवटा

४ मार्च

आले. सॅक खाली ठेवायच्या आत मामीने हातात दंताळं दिलं. खोटं नाही — चहा नंतर मिळाला.

मला वाटलं होतं, चार दिवस लोळायचं आणि मग बंदरावर मैत्रिणीच्या खानावळीत काम मिळतंय का बघायला जायचं. इथे वेगळंच चाललंय. ताई, म्हणजे मामेबहीण, मागच्या महिन्यात येऊन गेली. मागचं लॉन बघून म्हणाली, रान झालंय नुसतं, तुम्हा दोघांना आता हे घर झेपत नाही, विका आणि माझ्याकडे राहायला या. अकराव्या मजल्यावर! सात एप्रिलला परत येणार आहे, काय ते ठरवून टाकायला. मामीचं म्हणणं, लॉन नीटनेटकं दिसलं की ताईचं तोंड आपोआप बंद होईल. मामा म्हणतो, वर जायचंच आहे एक दिवस, त्याला लिफ्ट कशाला.

म्हणजे घर राहणार की जाणार ते गवतावर. आणि गवत माझ्यावर. जिने एक नोकरी धड टिकवली नाही तिच्यावर!

५ मार्च

लॉन नीट पाहिलं. सावलीत शेवाळ. बाकी वाळक्या गवताचा जाड थर, खाली माती दिसतच नाही. नळाजवळ एक उंचवटा, झाडाखाली खोलगट, बाकासमोर चक्क टक्कल.

मामीने कामं सांगितली. शेवाळ ओरबाडून काढ, खणायच्या काट्याने भोकं पाड म्हणजे मुळांना हवा लागेल, बी टाक, पाणी मार. "माती मात्र हलवायची नाही. जशी आहे तशी राहू दे."

का, विचारलं. कांदा चिरत राहिली.

६ मार्च

मामाने आयुष्यभर बस चालवली आणि अजून उतरलेला नाही. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून निघतो, अनवाणी, लॉन तिरकं ओलांडून फाटकापर्यंत, पेपर उचलतो आणि येऊन बाकावर बसतो. उंचवट्यावर पाय पडला की "गतिरोधक." झाडाखाली "खड्डा, कळवा कुणीतरी नगरपालिकेला." टक्कल आलं की "शेवटचा थांबा, उतरून घ्या." मी हसून हसून दंताळं टाकलं. मला भिंगरी म्हणतो. तिकीट न काढता चढलेली भिंगरी.

एवढं करून पेपर वाचत नाहीच. मामी वाचून दाखवते आणि वर त्याला आळशी म्हणते.

८ मार्च

शेवाळ काढून काढून तळहाताला फोड आले. पोती भरली तरी संपत नाही. दुपारी मुंग्यांची एक रांग भिंतीत कुठे जाते ते बघत बसले आणि संध्याकाळ झाली. (कुठेच जात नाही. परत फिरते.)

मामी दिवसभर एकटीच बडबडते. "चहा उजवीकडे ठेवलाय." "पायरीवर बादली आहे हं." "मी ओट्याशी आहे." कुणाला सांगते? मी तर बाहेर असते. म्हातारपणी असं होत असेल. आणि आज मी बसायला स्टूल दाराजवळ ओढलं तर केवढी भडकली! स्टुलासाठी! मला तर काही कळेनासं झालंय ह्या घरात.

१० मार्च

मामी तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीचं ऑपरेशन आहे, चारेक दिवस लागतील. जाताना मला तीनतीनदा बजावलं — चपला दारातच ठेव, बादली वाटेत ठेवू नकोस, कपाटाची दारं लावत जा. बाई गं, मी काय तीन वर्षांची आहे?

११ मार्च

नर्सरीत बी आणायला गेले. नर्सरीवाला म्हणजे बोलायचं यंत्र. म्हणाला, उंचसखल जमिनीवर बी टाकून काय उपयोग, पाणी खड्ड्यात साचणार, उंचावरचं वाळणार. आधी सपाट करा, कॅरम बोर्डासारखं. रोलर उसना दिला. तो लोखंडी रोलर घरंगळवत रस्त्याने आणताना इतकी मजा आली की एक गल्ली उगीच जास्त फिरले.

मामी माती हलवू नको म्हणाली होती, ते आठवलं. पण तिला लॉन नीट हवंय की नको? झालेलं बघितल्यावर खूश होईल.

१२ मार्च

उंचवटा कापला. खड्डा भरला. टकलावर वाळू, चाळलेली माती आणि खत, वरून रोलर. मामा बाकावर बसून नुसता आवाज ऐकत होता. म्हणाला, "सगळंच सपाट करणार का गं? थोडं राहू दे. जुनी ओळख आहे." मी म्हटलं, तुझी बस आता हायवेवरून जाणार. तो हसला. म्हणजे हसल्यासारखं केलं.

बी टाकलं. कुणी पाय देऊ नये म्हणून खुंट्या ठोकून कडेने दोरी बांधली, दारापासून फाटकापर्यंत. कंबर गेली! पण असं काही मी आजवर पूर्ण केलं नव्हतं.

१५ मार्च

मामी आली. दारात उभी राहून लॉन बघितलं. कौतुकाची वाट बघत मी शेजारी उभी, मातीने भरलेली. ती वळली. आत गेली. जेवताना म्हणाली, "मी काय सांगितलं होतं तुला?" एवढंच.

रागावली म्हणावं तर मला जास्त वाढलं. खूश म्हणावं तर डोळे लाल. आता ह्याचा अर्थ कुणी लावायचा?

१६ मार्च

चिमण्या बी खातायत. हुसकावून हुसकावून घसा बसला.

१९ मार्च

मामाचं नवीन खूळ. पेपर आणायला दोरी धरून कडेकडेने जातो, लहान मुलं गाडी-गाडी खेळतात तसा. थांबे पुकारत नाही. मी विचारलं, बस बंद पडली का? म्हणाला, "रस्त्याचं काम चालू आहे."

२५ मार्च

उगवलं!! सकाळी आडवं झोपून जमिनीलगत बघितलं तर हिरवी लव, बाळाच्या डोक्यावर असते तशी. मामाला ओढत आणलं. बघ, म्हटलं. तो भलतीकडेच बघत म्हणाला, छान. मग खाली बसून तळहात फिरवला हळूच आणि परत म्हणाला, छान. ह्या वेळी खरं वाटलं.

दोरी सोडू का, मामीला विचारलं. "अजून राहू दे." बरं.

१ एप्रिल

पहिली कापणी. पाती उंच ठेवून वरवर शेंडे छाटले. काय दिसतंय लॉन! मामी बाजारात गेली होती. दोरी, खुंट्या, सगळं उपटून टाकलं — एवढ्या सुंदर गवताला कुंपण कशाला?

मामाला हाक मारली, ये, उद्घाटन कर. तो दारात थोडा थांबला. मग निघाला, नेहमीसारखा झपझप. आणि फाटकाकडे न जाता सरळ नळाकडे. मला वाटलं गंमत करतोय, आज एक एप्रिल. मी हसत होते. नळाला नडगी आपटली, तिथून वळला आणि कडेच्या काटेरी कुंपणात शिरला. तरी मी हसतच होते. तो मागे सरकला, खाली बसला, आजूबाजूच्या गवतावर हात फिरवला.

"भिंगरी, मी कुठंय?"

हसू तोंडातच राहिलं.

त्याच दिवशी, नंतर

नडगी पुसून दिली. मग त्याने सांगितलं. वर्ष झालं. समोर बघितलं की मधोमध डाग, कडेकडेचं धुरकट दिसतं. त्याच्या बसवरचा जुना कंडक्टर त्याला गुपचूप डॉक्टरकडे घेऊन गेला होता. आहे ते जपायचं, गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. घरात सगळं हाताला पाठ आहे. बाहेर पायाला पाठ होतं. उंचवटा आला की उजवीकडे वळायचं, खड्डा आला की फाटक जवळ. परत येताना टक्कल लागलं की समोर बाक.

होतं! मी सगळं पुसून वर रोलर फिरवला.

मी म्हटलं, मामीला सांगू या. त्याने माझं मनगट धरलं. "मामीला बोलू नकोस. ती घाबरेल, घाबरली की ताईला सांगेल, आणि ताईला कळलं की अकरावा मजला. तिथे मी कुठे चालू? गॅलरीत?"

बोलणार नाही, म्हटलं. पण रविवारी ताई येणार. तिच्यासमोर तो कुंपणात शिरला तर?

घर वाचवायला लॉन केलं आणि लॉनमुळेच घर जाणार. डोकं चालत नाही.

२ एप्रिल

सॅक भरली. रिकामी केली.

३ एप्रिल

कोवळ्या गवतावर नुसती माती टाकली तर ते मरेल आणि ताईला डाग दिसेल. शेडच्या मागे जुनं घट्ट गवत आहे. तिथून फावड्याने मुळांसकट लाद्या कापल्या, चादरीसारख्या उचलता येतात. नळाजवळ मातीचा ढीग, थोपटून थोपटून, वर लाद्या. झाडाखालचं गवतही तसंच चादरीसारखं उचललं, खालची माती काढली, परत अंथरलं. बाकासमोरचं टक्कल तासून पूर्वीसारखं केलं. स्वतःच्या हाताने वाढवलेलं गवत स्वतःच खरवडलं.

उंचवटा नेमका कुठे होता ते मात्र नीटसं आठवेना. अंदाजाने केला.

मामी खिडकीत होती. आता विचारेल, वेड लागलं का. मी उत्तरं जुळवत बसले — उंदीर, घूस, निचरा. तिने विचारलंच नाही. बाहेर पाणी आणून दिलं आणि गेली. हे काय? एवढ्या मेहनतीचं लॉन मी खणतेय आणि हिला काहीच वाटत नाही?

५ एप्रिल

मामी आंघोळीला गेली की मामाच्या फेऱ्या. झाडाशी पाय बरोबर वळतो. नळापाशी जरा गडबडतो, पण सावरतो. म्हणाला, "ड्रायव्हरला नवा रस्ता अंगवळणी पडायला वेळ लागतो." माझं जेवणात लक्ष नाही.

७ एप्रिल

ताई आली. लॉन बघून भुवया वर. मामा म्हणाला, चल, फिरवून आणतो. निघाले दोघं दारातून. नळापाशी मामा क्षणभर अडखळला, पाय हवेत तसाच. तेवढ्यात बाकावर बसलेल्या मामीला खोकला आला. ठसका लागला असेल. मामाने मान वळवली आणि बरोबर उंचवट्यावर पाय ठेवला. मागून ताई, उंच टाचांत, धडपडली!

"गतिरोधक आहे," मामा म्हणाला. "सावकाश."

फाटक. पेपर. टक्कल. "शेवटचा थांबा." बाकावर बसले. ताई हसत होती. किती दिवसांनी तिला हसताना बघितलं. जाताना म्हणाली, तुम्ही दोघं तर माझ्यापेक्षा धडधाकट आहात, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. फक्त तो उंचवटा काढून टाका, कुणीतरी पडेल.

गाडी वळल्यावर मी गवतात उताणी पडले. जीव भांड्यात पडला. मैत्रिणीला कळवलं, उद्या निघते.

८ एप्रिल

सॅक घेऊन पहाटेच खाली आले. मागचं दार उघडं. लॉनवर मामी — अनवाणी, डोळे घट्ट मिटलेले, हात जरासे पुढे. दारापासून फाटकाकडे चाललेली. नळापाशी थांबली, पायाने चाचपलं, मागे गेली, परत आली. मग डोळे उघडले आणि मी दिसले.

"हा उंचवटा एक पाऊल अलीकडे घे," म्हणाली. "आणि मामाला बोलू नकोस."

सॅक ठेवली. फावडं घेतलं.