निळ्या दोऱ्याचं बटण

सांगली, गुरुवार संध्याकाळ

आज मोक्का कोर्टात सागरचा शर्ट ओळखला. माझा धाकटा भाऊ. दुसऱ्या टोळीनं मारला. तोही एका टोळीत होताच. विचारलं तेव्हा तेही सांगितलं.

आरोपींचे वकील म्हणाले, "असले शर्ट बाजारात ढिगानं मिळतात. भावाचाच कशावरून?"

"वरचं बटण मी निळ्या दोऱ्यानं लावलंय."

मारला त्या दिवशी सकाळी ते बटण तुटलेलं, पण सागर शर्ट काढायलाही तयार नव्हता. "ताई, तसंच लाव की. पोरं थांबल्यात."

आई आतून ओरडली, "अंगावर शिवल्यालं वाईट असतं! दातात काडी धर म्हणावं त्याला."

त्यानं केरसुणीची काडी धरली. एवढा धिप्पाड, पण हनुवटी वर करून लहानपणीसारखा उभा. डोळ्यांनीच हसत होता.

कोर्टात शर्ट उलगडला तेव्हा मी फक्त बटण बघितलं. निळा दोरा तसाच होता.

घरी आल्यावर आईनं कोर्टाचं सोडून एवढंच विचारलं, "काडी शेवटपर्यंत धरली व्हती न्हवं त्यानं?"

शेवटच्या टाक्याला "टोचलीस की गं" म्हणत त्यानं काडी थुंकली होती.

कोर्टात शपथेवर सगळं खरं बोलले. आईला म्हटलं, "व्हय, धरली व्हती."